सम्पमधली रिकामी जागा

सम्प, म्हणजे खालच्या कपाटात ठेवलेली फिल्टरची काचपेटी, लावलेल्या माशांच्या टाकीचं पाणी जमिनीवर येतं ते लाइट गेल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. पुढे चार तास लाइट आली नाही तरी आणखी फारसं सांडत नाही, कारण जे खाली यायचं ते येऊन गेलेलं असतं. माशांना प्राणवायू कमी पडणं, पाणी तापणं, फिल्टरमधले जिवाणू मरणं या तासांच्या गोष्टी आहेत. त्यांच्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप शोधायला, इन्व्हर्टर लावायला वेळ मिळतो. फरशी ओली व्हायला तेवढा वेळ लागत नाही. त्या पाच मिनिटांत तुम्ही घरात असाल, जागे असाल आणि नेमका कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा हे अंधारात आठवेल, या भरवशावर टाकी उभी करू नये. जे करायचं ते लाइट असताना, शक्यतो पहिला मासा सोडायच्या आधी करून ठेवावं लागतं.

ते करणं म्हणजे मुख्यतः सम्पमध्ये पुरेशी जागा रिकामी ठेवणं. ऐकायला सोपं आहे, पण सम्प बांधून घेताना नेमकी तीच जागा डोळ्यांत येते. टाकीखालच्या कपाटात कशीबशी अडीच फुटी काचपेटी मावते. तिच्यात फेसातून घाण काढणारा स्किमर, हीटर, जिवाणूंना घर देणारा बायोमीडिया, शेवाळाचा कप्पा, उडालेलं पाणी भरून काढणाऱ्या टॉप-अपची नळी असं सगळं बसवायचं असतं, आणि वरची पंधरा सेंटीमीटर काच कोरडी दिसली की आणखी दोन बादल्या पाणी घालावंसं वाटतं. जास्त पाणी म्हणजे जास्त स्थिर टाकी, हे खरंही आहे. पण त्या कोरड्या काचेला पंपाइतकंच ठरलेलं काम आहे. ते वर्षातून मोजक्या वेळा करावं लागतं, एवढंच.

टाकी चालू असताना पाण्याची फेरी चालू असते. खालचा रिटर्न पंप पाणी वर ढकलतो. वरची पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी खाली सोडणाऱ्या पेटीच्या, दातेरी कडेच्या थोडी वर चढते, आणि वर आलं तितकंच पाणी त्या कडेवरून ओघळून पाइपमधून स्वतःच्या वजनाने सम्पमध्ये उतरतं. पंप थांबला की वर जाणं थांबतं, खाली येणं चालू राहतं. तेही दोन वाटांनी. एक वाट ओव्हरफ्लोची: कडेच्या वर जेवढा थर आहे तेवढा ओघळून येतो आणि मग ती वाट आपोआप बंद होते. दुसरी वाट रिटर्न पाइपची, आणि तिच्याकडे बऱ्याच जणांचं लक्षच जात नाही. ज्या पाइपमधून पाणी वर जात होतं त्याच पाइपमधून ते उलटं खाली येऊ लागतं. पाइपाचं वरचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, खालचं सम्पमध्ये असतं, मध्ये हवा नसते. सायफन व्हायला, म्हणजे पाणी आपोआप खाली ओढलं जायला, आणखी काही लागत नाही. वरच्या टाकीतली पातळी त्या तोंडापर्यंत उतरून पाइपात हवा शिरली की मगच हा सायफन तुटतो. नोझल, म्हणजे हे वरचं तोंड, दहा सेंटीमीटर खोल असेल तर दहा सेंटीमीटर पाणी खाली येणार.

हे किती होतं ते मोजून बघू. चार फुटी टाकी घ्या, आतून १२० सेंटीमीटर लांब आणि ४५ रुंद. पातळी १ सेंटीमीटर उतरली की १२० × ४५ × १ म्हणजे ५४०० घन सेंटीमीटर, अर्थात ५.४ लीटर पाणी खाली येतं. टाकी किती उंच आहे याचा इथे काही संबंध नाही, फक्त लांबी-रुंदीचा आहे. लांब-रुंद, उथळ टाकी त्यामुळेच जास्त धोक्याची असते.

कडेवरचा थर किती जाड असतो ते पंपाच्या प्रवाहावर आणि कडेच्या लांबीवर ठरतं. तासाला २००० लीटर पाणी ३० सेंटीमीटर लांबीच्या सपाट कडेवरून जात असेल तर थर साधारण १ सेंटीमीटर असतो. कडेला दाते असले की निम्मी लांबी दात्यांनी अडते आणि थर दीड सेंटीमीटरच्या पुढे जातो. फटींत शेवाळ वाढलं, वनस्पतींची पानं अडकली, गोगलगाय बसली की आणखी वर. म्हणजे ओव्हरफ्लो साफ करायचा आळस झाला की लाइट गेल्यावर खाली येणारं पाणी गुपचूप वाढलेलं असतं. इथे २००० लीटर म्हणजे खोक्यावर छापलेला आकडा नव्हे. पाणी सव्वा-दीड मीटर वर चढवून, एल्बोंमधून वळवून प्रत्यक्षात जेवढं येतं तेवढं.

आपल्या उदाहरणात थर दीड सेंटीमीटर धरू आणि नोझलची तोंडं ८ सेंटीमीटर खोल. दोन वाटांच्या उतारांची बेरीज करायची नाही, जी खोल असेल तीच धरायची, कारण पातळी एकच आहे. ८ × ५.४ म्हणजे ४३.२ लीटर. त्यात ओव्हरफ्लोच्या पेटीतलं पाणी मिळवायचं. पेटी आतून २० × १२ सेंटीमीटर असेल आणि पूर्ण भरून पाणी ओढून नेणाऱ्या ड्रेन पाइपमुळे (सायफन ड्रेन) तिच्यातली पातळी ३० सेंटीमीटर उतरत असेल तर ७.२ लीटर. मग पाइपांच्या पोटातलं: एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लीटर, सव्वा इंचीत पाऊण ते एक लीटर मावतं, म्हणून दोन्ही मिळून पावणेदोन लीटर धरा. एकूण ५२ लीटर.

आता खालचा सम्प. ७५ × ४० × ४० सेंटीमीटर. कप्पे पाडणाऱ्या आडव्या काचा २४ सेंटीमीटर उंच, त्यामुळे पहिल्या दोन कप्प्यांत, म्हणजे ५५ सेंटीमीटर लांबीत, पाणी २४ वर स्थिर. शेवटचा २० सेंटीमीटरचा रिटर्न कप्पा १८ वर. वरच्या काठापर्यंतची मोकळी जागा पहिल्या भागात ३५.२ लीटर, रिटर्न कप्प्यात १७.६ लीटर, मिळून ५२.८. कागदावर पाऊण-एक लीटर शिल्लक दिसतं. प्रत्यक्षात स्किमरची मान, हीटर, पंपाचे पाइप, फिल्टर सॉकची (गाळणीच्या कापडी पिशवीची) चौकट हे सगळं त्याच जागेत असतं, म्हणून हा सम्प सांडणार. १२० लीटरचा सम्प चार फुटी टाकीला भरपूर, असं दुकानात सांगतात. ते चूक नाही, पण नोझल कुठे आहे हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

तेच नोझल वर घेऊन पाण्याखाली २ सेंटीमीटरवर ठेवलं तर २ × ५.४ म्हणजे १०.८ लीटर. पेटी आणि पाइप धरून सुमारे २० लीटर. रिटर्न कप्पा आधी १८ वरून २४ पर्यंत भरतो, त्यात ४.८ लीटर जातात. उरलेले १५ लीटर सगळ्या सम्पवर पसरतात, ५ सेंटीमीटरने पातळी वाढते आणि २९ वर थांबते. वर ११ सेंटीमीटर काच कोरडी. ना नवा सम्प, ना नवा पंप. सहा सेंटीमीटर वर सरकवलेल्या नोझलने ३२ लीटर पाणी वर अडवून ठेवलं.

नोझल खोल ठेवण्यामागे कारणं असतात, ती खोटी नाहीत. वर असलं की पृष्ठभाग हलतो, आवाज होतो, वनस्पतींच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तळाशी प्रवाह पोहोचत नाही. तळाशी प्रवाह हवा असेल तर तो वेव्हमेकरने, म्हणजे टाकीतच बसवलेल्या लाटा करणाऱ्या पंपाने द्यावा, टाकीतल्या टाकीत. रिटर्नने नाही. वळवता येणारं नोझल असेल तर त्याची मान पाण्याखाली आडवी ठेवून तोंड तिरकं खाली वळवता येतं, फक्त तोंडाचा सर्वांत वरचा बिंदू कुठे आहे ते मोजा. हवा तिथूनच शिरणार असते.

सायफन तोडायला रिटर्न पाइपला भोक पाडण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. नळीच्या टाकीतल्या उभ्या भागावर, नेहमीच्या पातळीच्या एक-दीड सेंटीमीटर खाली भोक. पातळी तिथवर उतरली की हवा आत जाते. ३ मिलिमीटरचं भोक एक इंची पाइपाला अनेकदा पुरत नाही. हवा शिरते, पण पाण्याचा वेग तिला फुगे करून ओढून नेतो आणि सायफन चालूच राहतो. ६ मिलिमीटरचं घ्या, आणि एकाऐवजी दोन, विरुद्ध बाजूंना. भोक पातळीच्या वर पाडलं तर पंप चालू असताना पिचकारी उडते, आणि समुद्री टाकीत झाकणावर नि लाइटवर मीठ साचत जातं. भोक पाडायचं काम पाइप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायच्या आधी करा आणि कडा घासून घ्या. राहिलेल्या प्लास्टिकच्या कुसळात शेवाळ लवकर धरतं.

आता मुख्य गोष्ट. भोक बुजतं. गोड्या पाण्यात हिरवं शेवाळ, समुद्री टाकीत कोरलाइन शेवाळाचा जांभळा थर, कधी एखादं पिटुकलं गोगलगायीचं पिल्लू. महिनाभरात इतकं लहान होतं की दिसतं, पण चालत नाही. बाटल्या धुवायच्या बारीक ब्रशने दर आठवड्याला, काच पुसताना, ते साफ करावं. आणि तरीही हिशेब करताना भोक नाहीच असं धरावं. वर काढलेले २० लीटर हे भोक न धरता काढले आहेत. भोकामुळे प्रत्यक्षात थोडं कमी आलं तर बरंच.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या बाबतीत माझं मत अधिक कडक आहे. प्लंबिंगच्या दुकानात एनआरव्ही सहज मिळतो, पाणी उलटं येऊ नये यासाठीच तो बनलेला आहे, आणि लावला की मनाला बरं वाटतं. पण त्याची झडप वर्षभर उघडी राहते, एका बाजूला चुना नि मीठ धरते, आणि ज्या क्षणी बंद व्हायला हवी तेव्हा वाळूचा एक कण तिला मिलिमीटरभर उघडं ठेवायला पुरतो. मिलिमीटरभर फट म्हणजे वाहणारी धार. पाण्याचा प्रवाहही तो कमी करतो. लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) टाका, उभ्या पाइपावर बसवा, दोन-तीन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. सम्पची जागा मात्र तो नाही असं समजूनच ठरवा. ज्या टाकीचं न सांडणं एनआरव्हीवर अवलंबून आहे, ती टाकी आज ना उद्या सांडणार.

गणित करून झालं तरी शेवटचा शब्द पाण्याचाच. काचेची जाडी, आत बुडालेल्या दगडांनी अडवलेली जागा, थोडी तिरकी बसलेली टाकी, हे कागदावर येत नाही. खात्रीची पद्धत उलट दिशेने जाते. रिटर्न पंप बंद ठेवा. वरची टाकी इतकी भरा की पाणी दातेरी कडेवरून ओघळून थांबेल. मग जेवढ्या पातळीला नोझल उघडं पडतं तेवढं पाणी वरून काढा, म्हणजे सर्वांत वाईट स्थिती तयार झाली. आता सम्प हळूहळू भरा आणि काठाच्या ४ सेंटीमीटर खाली थांबा. स्किमर, सॉक, हीटर सगळं आपापल्या जागी हवं. मग पंप चालू करा. पाणी वर जाईल, पेटी भरेल, पाइप भरतील, रिटर्न कप्प्यातली पातळी उतरून दहा-पंधरा मिनिटांत स्थिर होईल. त्या ठिकाणी काचेवर बाहेरून पक्क्या मार्करने रेघ मारा. पुसली जाते, म्हणून वर पारदर्शक टेप लावा. ही त्या टाकीची कमाल रेघ. त्याखाली, पंपाच्या तोंडाच्या दोन-तीन सेंटीमीटर वर, दुसरी रेघ. त्याच्या खाली पाणी गेलं तर पंप हवा ओढतो. रोजचं पाणी या दोन रेघांच्या मध्ये राहायला हवं. दोन्हींत जेमतेम दोन सेंटीमीटर अंतर उरत असेल तर सम्प त्या टाकीला लहान आहे, आणि नोझल वर घेणं किंवा सम्प बदलणं याशिवाय दुसरा रस्ता नाही.

ही रेघ मोडली जाते ती बहुधा गावी जाताना. उन्हाळ्यात पंखे लावलेल्या चार फुटी टाकीतून दिवसाला तीन-चार लीटर पाणी सहज उडतं. चार दिवस घर बंद राहणार म्हणून निघताना सम्पमध्ये दहा-बारा लीटर जास्त घातलं जातं. पहिल्याच रात्री लाइट गेली तर तेच पाणी जमिनीवर येऊ शकतं, घर बंद असताना, आणि पहिल्यांदा कळतं ते खालच्या मजल्यावरच्यांना. बाष्पीभवनाची सोय सम्प भरून करायची नसते. त्यासाठी वेगळी टाकी आणि टॉप-अपचा पंप लागतो.

इथवर लाइट जाण्याचं झालं. लाइट परत येणं मला जास्त अवघड वाटतं, कारण तेव्हा पाणी खालून नाही, वरच्या टाकीच्या काठावरून सांडतं, आणि त्याला सम्पची रिकामी जागा वाचवत नाही.

पंप सुरू होतो, वर पाणी ढकलू लागतो. ओव्हरफ्लोने ते परत खाली आणलं पाहिजे. नाही आणलं, तर पंप रिटर्न कप्पा रिकामा होईपर्यंत वर पाणी ढकलत राहतो. इथेही मोजता येतं. आपल्या उदाहरणात रिटर्न कप्पा २० × ४० सेंटीमीटर, पाणी १८, पंप ५ वर हवा ओढायला लागतो, म्हणजे १३ सेंटीमीटर, १०.४ लीटर. वरच्या टाकीत १०.४ भागिले ५.४, जवळपास २ सेंटीमीटर. लाइट गेल्यावर खाली आलेले २० लीटर फक्त वरची पातळी पूर्ववत करतात, हे १०.४ त्याच्या वर. म्हणून चालू पातळी आणि वरचा काठ यांत किमान ३ सेंटीमीटर अंतर हवं. दुकानातली तयार टाकी अनेकदा दीड सेंटीमीटरच देते, कारण काठोकाठ पाणी छान दिसतं. रिटर्न कप्पा मुद्दाम लहान ठेवण्याचं कारणही हेच. तो पाण्याचा साठा करण्यासाठी नाहीच.

ओव्हरफ्लो परत सुरू न होण्याची सर्वांत जास्त शक्यता मागे टांगलेल्या पेटीत असते, जिथे पाणी यू-आकाराच्या नळीतून काठावरून उचलून बाहेर नेतात. त्या नळीत हळूहळू हवेचे फुगे साचतात. लाइट गेल्यावर पातळी उतरली आणि नळीत हवा शिरली की पंप परत सुरू झाला तरी सायफन धरत नाही. काही जण नळीच्या माथ्यावरून बारीक पंपाने हवा ओढत ठेवतात. तो पंपही विजेवरच चालतो आणि त्याची जाळी बुजते. टाकीला भोक पाडून बसवलेला ओव्हरफ्लो हाच खरा उपाय. साध्या काचेला हिऱ्याच्या कडेची ड्रिल वापरून, सतत पाणी सोडत, कमी वेगाने, जोर न देता भोक पाडता येतं. टफन केलेल्या काचेला मात्र हात लावू नका, ती एका क्षणात तुकडे तुकडे होते. आधी टाकी विकणाऱ्याकडून तळाची काच कुठली आहे ते विचारून घ्या.

भोक पाडलेल्या टाकीतही एकच ड्रेन पाइप ठेवू नये. एक मुख्य, गेट व्हॉल्व्हने दाबून पूर्ण भरून चालणारा, आणि दुसरा आपत्कालीन, उघडा, वरचं तोंड नेहमीच्या पातळीच्या वर, त्यावर व्हॉल्व्ह नाही, त्याच्या तोंडावर जाळी नाही. मुख्य पाइपाचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात फक्त दोन-तीन सेंटीमीटर बुडालेलं असावं. आवाज कमी व्हावा म्हणून ते पंधरा-वीस सेंटीमीटर खोल सोडतात, आणि लाइट आल्यावर पाइपात अडकलेली हवा एवढ्या खोल बुडालेल्या टोकातून बाहेर पडू शकत नाही. त्यात लाइट गेल्यामुळे सम्पची पातळी आधीच पाच सेंटीमीटर वाढलेली असते. ड्रेन गुडगुडत राहतो, पेटी भरत जाते आणि सगळा भार आपत्कालीन पाइपावर येतो. तो भार त्याला पेलतो का, हे आधी बघून ठेवायचं: पंप चालू असताना मुख्य ड्रेनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. आपत्कालीन पाइपाने सगळं पाणी खाली नेलं आणि वरची पातळी काठाखाली थांबली तर ठीक. ही चाचणी समोर उभं राहून, हात पंपाच्या स्विचवर ठेवूनच करा.

टॉप-अपचं यंत्र या सगळ्यात गुपचूप गडबड करतं. त्याचा फ्लोट रिटर्न कप्प्यात असतो. लाइट आली, पंप वर पाणी ढकलू लागला, ओव्हरफ्लोने ते परत आणायला मिनिट-दोन मिनिटं घेतली. तेवढ्यात रिटर्न कप्पा उतरतो आणि यंत्राला वाटतं पाणी उडालं. ते अर्धा-एक लीटर गोडं पाणी घालतं. थोड्या वेळाने वरचं पाणी येऊन पोहोचतं आणि पातळी रेघेच्या वर. पावसाळ्यात लाइट तासाभरात पाच-सहा वेळा ये-जा करते, तेव्हा प्रत्येक वेळी हे घडतं. शेवटच्या खेपेला लाइट जाते तेव्हा सम्पमध्ये जागा उरलेली नसते, आणि समुद्री टाकीत खारेपणाही उतरलेला असतो. टॉप-अपला वेगळा टाइमर लावा, लाइट आल्यावर दहा मिनिटांनी चालू होणारा, आणि एका वेळी किती सेकंद पाणी घालायचं याला मर्यादा. त्याच्या नळीचं टोक सम्पच्या पाण्यात बुडवू नका आणि राखीव टाकीतल्या पातळीच्या खाली तर अजिबात नको. नाही तर तिथे तिसरा सायफन तयार होतो आणि राखीव टाकी सम्पमध्ये रिकामी होते.

स्किमरलाही तेवढाच उशीर द्यावा. लाइट गेल्यावर त्याच्याभोवतीचं पाणी चढतं, आणि पंप सुरू होताच तो खोल पाण्यात बसल्यासारखा चालतो. पातळ फेस भराभर कपात जातो, कप भरून वाहतो. कपाची नळी बाहेरच्या डब्यात सोडली असेल तर ते काळं, घाण वासाचं पाणी थेट कपाटात. आधी रिटर्न पंप, दहा मिनिटांनी स्किमर, हा क्रम. स्मार्ट प्लग वापरत असाल तर लाइट परत आल्यावर त्याची मूळ स्थिती काय आहे ते ॲपमध्ये पाहा. रिटर्न पंपाचा प्लग ‘चालू’ वर हवा; काही प्लग गपचूप ‘बंद’ वर असतात आणि बाहेरगावी असताना टाकी रात्रभर थांबून राहते.

सम्पमधली पातळी चढली की तरंगणाऱ्या गोष्टीही कप्पे बदलतात. कीटोमॉर्फा शेवाळाचा गोळा, स्पंजचा तुकडा, प्लास्टिकचा बायोमीडिया आडव्या काचेवरून रिटर्न कप्प्यात येतो आणि पंपाच्या तोंडात जातो. आडव्या काचेच्या वरच्या बाजूला प्लास्टिकची जाळी उभी करून ठेवली की प्रश्न मिटतो.

मुंबईत लाइट जात नाही, म्हणून एवढा विचार कशाला, असं विचारणारे बरेच असतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकदम बंद पडला होता. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांना वीज परत यायला आठवडे लागले. माशांच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. सम्पच्या दृष्टीने काहीच नाही: दोन्ही वेळा आपल्या उदाहरणातल्या सम्पमध्ये तेच २० लीटर आले असते. सांडण्याचा प्रश्न लाइट किती वेळ गेली यावर नसतो, एकदा तरी गेली का यावर असतो.

म्हणून इन्व्हर्टर हा सांडण्यावरचा इलाज नाही. माशांसाठी जरूर लावा, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा, कारण चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर एसी पंप घुंघुं करतात आणि तापतात. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये आणि इन्व्हर्टरही काही खातो, म्हणून हातात आठशे धरा. त्यावर घराचे पंखे नि दिवेही असतात. पहाटे तीनला बॅटरी संपली की रिटर्न पंप थांबतो आणि पाणी तेव्हा खाली येतं. लाइट जाण्याची वेळ फक्त पुढे ढकलली जाते, आणि ती बहुधा सगळे झोपलेले असतानाच येते.

सम्पखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवतात, त्याचाही हिशेब एकदा करावा. ८० × ४५ सेंटीमीटरचा, ५ सेंटीमीटर काठाचा ट्रे १८ लीटर धरेल असं वाटतं. पण त्यात ७५ × ४० चा सम्प उभा आहे. उरते भोवतीची बारीक पट्टी, ६०० चौरस सेंटीमीटर, आणि तिच्यात मावतात ३ लीटर. स्किमरचा कप किंवा थेंब थेंब गळणारं युनियन यांच्यासाठी ट्रे चांगला. २० लीटर सांडले तर त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा गच्चीवरची टाकी भरली की वाजणारा अलार्म कपाटाच्या तळाशी लावा, पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. विजेवर चालणारा नेमक्या वेळी गप्प राहील. मिठाच्या पाण्याने त्याचे टोचे गंजतात, दर महिन्याला ओल्या बोटाने शिवून वाजतो का पाहावं. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाशी कधीच नको, वरच्या बाजूला बाजूच्या फळीवर स्क्रूने बसवा. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडतं. आणि टाकीची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे, असावी. पाणी सांडलं तर फरशी पुसता येते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बोर्डला हात लागला तर जीव जाऊ शकतो.

दर महिन्याला एकदा, दिवसाढवळ्या, बोर्डवरून सगळं एकदम बंद करा. फक्त पंपाचा प्लग काढून भागत नाही, लाइट गेल्यावर सगळंच एकदम जातं. सायफन तोडणारी दोन्ही भोकं बोटांनी दाबून धरा, म्हणजे ती बुजली असती तर काय झालं असतं ते कळेल. दहा मिनिटं थांबा, कारण पाइपांतलं शेवटचं पाणी सावकाश उतरतं. सम्पची पातळी कुठे थांबली ती तारीख घालून काचेवरच लिहा. मागच्या महिन्यापेक्षा ती वर असेल तर काहीतरी बदललेलं असतं: नोझल खाली सरकलंय, कडेचे दाते तुंबलेत, किंवा नेहमीचं पाणी रेघेच्या वर गेलंय. मग सगळं एकदम चालू करा आणि वरच्या टाकीसमोर आणखी दहा मिनिटं उभे राहा.

गावी जाताना किल्ली ज्यांच्याकडे देता, त्यांना हे काही माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. रिटर्न पंपाच्या प्लगला लाल टेप गुंडाळा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: लाइट गेली तर कशालाही हात लावू नका. लाइट आल्यावर दहा मिनिटांनी वरच्या टाकीत बघा. पाणी काठाच्या दोन बोटं खाली असेल तर घरी जा. काठाला लागलं असेल तर लाल टेपचा प्लग काढा, मला फोन करा, आणि पाणी कुठेही भरू नका.